रेंडर मिनिटांत होतो, मग रात्र कुठे जाते?

अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं संगणकावर काढणाऱ्या, म्हणजे ‘रेंडर’ करणाऱ्या, स्टुडिओच्या ग्रुपवर संध्याकाळी साडेसहाला एक ओळ येते: ‘बाल्कनीचं रेलिंग लोखंडी नको, काचेचं करा. बाकी ओके. सकाळी ब्रोशर प्रिंटला जातंय.’ पाठवणाऱ्या क्लायंटच्या लेखी हा छोटा बदल असतो. सूर्य इकडचा तिकडे केला की चित्र डोळ्यांदेखत बदलतं, हे त्याने दुपारीच स्टुडिओत बसून पाहिलेलं असतं. मग रेलिंगला असा कितीसा वेळ लागणार?

चौदा मजली इमारत धरू. मॉडेल नीट बांधलेलं असेल, म्हणजे सगळी रेलिंग एकाच कॉम्पोनंटच्या प्रती असतील, तर मूळ बदल पाऊण तासात होतो. पण लोखंडी गजांच्या आड जे झाकलेलं होतं ते आता काचेतून दिसू लागतं: रिकामा हॉल, एसीचं आउटडोअर युनिट, पाण्याचा पाइप. मग हॉलमध्ये पडदे आणि सोफा टाकायचा, युनिट हलवायचं. काचेला प्रतिबिंबासाठी समोर काहीतरी लागतं. समोर काहीच मॉडेल केलेलं नसेल तर ती मळक्या प्लास्टिकसारखी सपाट दिसते, म्हणून कॅमेऱ्याच्या मागे दोन-चार इमारती आणि झाडं उभी करायची. नाइट व्ह्यूमध्ये आतला उजेड काचेतून बाहेर सांडतो, त्यामुळे एक्सपोजर पुन्हा जुळवायचं. हे रेलिंग बाहेरच्या आठ आणि आतल्या तीन व्ह्यूंमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या चित्रांमध्ये, दिसतं. अकरा व्ह्यू, ब्रोशरच्या मापात प्रत्येकी 25 मिनिटं, म्हणजे 275 मिनिटं. हे काम मशीनचं. पण प्रत्येक व्ह्यूचे मास्क (चित्राचा कुठला भाग बदलायचा ते आखणारे साचे) बदलले, म्हणजे फोटोशॉपमध्ये आकाश, माणसं, पुढची झाडं, रंगसंगती पुन्हा बसवायची. व्ह्यूमागे 35 मिनिटं धरली तरी 385 मिनिटं, आणि ती माणसाची. पहिला रेंडर आठ वाजता हातात आला आणि फोटोशॉपच्या या कामाला एकच जण असला, तर शेवटची फाइल पहाटे अडीचला जाते. मध्ये जेवायला उठलं तर तीनला.

स्थापत्य-व्हिज्युअलायझेशनच्या धंद्यात हे रोजचं आहे. म्हणूनच एक प्रश्न जाहीरपणे विचारायला हवा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत रेंडरिंगचा वेग प्रचंड वाढला, तरी हे काम करणाऱ्यांचे तास कमी का झाले नाहीत? वाचलेला वेळ गेला कुठे?

पंधरा वर्षांपूर्वी प्रोसेसरवर छपाईच्या मापाचा एक बाहेरचा व्ह्यू सहा-सात तास सहज घ्यायचा. अकरा व्ह्यू म्हणजे एका मशीनवर जवळपास तीन दिवस. अशा वेळी संध्याकाळी साडेसहाला रेलिंग बदला म्हणणाऱ्याला ‘शक्य नाही’ एवढं उत्तर पुरायचं, कारण ते खरोखरच शक्य नव्हतं. त्यामुळे बदलांची यादी एकत्र यायची आणि आर्किटेक्ट आधी विचार करून ठेवायचा. रात्री रेंडर लावून माणसं घरी जायची, सकाळी येऊन निकाल बघायची. कोपऱ्यात डाग पडलेले असले किंवा सीन मेमरीअभावी बंद पडलेला असला की डोक्याला हात लावायची, हेही खरं. पण मशीन मंद होतं म्हणून माणसाला घर होतं. त्या मंदपणाने जे कुंपण घातलं होतं ते करारात कुणी लिहिलंच नाही. मशीन वेगवान झालं त्या दिवशी कुंपणही गेलं.

हा वेग आला कसा, ते थोडं समजून घेऊ, कारण ‘आता तर सगळं बटण दाबलं की होतं’ हा समज तिथूनच निघतो. प्रकाश पृष्ठभागांवरून उसळत डोळ्यापर्यंत कसा येतो याचं समीकरण संगणकशास्त्रज्ञ जेम्स कजिया यांनी 1986 मध्ये मांडलं. ते सोडवायची आजची रीत म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधून असंख्य किरण इतस्ततः सोडायचे आणि सरासरी काढायची. किरण कमी पडले की चित्रात रवाळपणा राहतो. हा रवाळपणा निम्मा करायचा तर किरण चौपट लागतात, एक चतुर्थांश करायचा तर सोळापट. वर्षानुवर्षं सगळे तास इथेच जळत होते. 2002 मध्ये व्ही-रे हे रेंडरिंगचं सॉफ्टवेअर आलं, त्याने काही बिंदूंवरचा प्रकाश साठवून मधल्या जागा भरून काढायची युक्ती वापरात आणली. पुढे कोरोना नावाचं तसंच सॉफ्टवेअर आलं. 2018 मध्ये एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ग्राफिक्स कार्डांवर किरणांचा हिशोब करणारे वेगळे भाग आले, आणि डीनॉयझरने बाकीचं काम केलं: थोडेच किरण सोडा, उरलेला रवाळपणा आधी शिकवलेलं न्यूरल नेटवर्क अंदाजाने पुसून टाकील. शेजारी ल्युमियन, ट्विनमोशन, एनस्केप, डी5 आणि अनरियल इंजिन ही तात्काळ चित्र दाखवणारी मंडळी आलीच.

पण डीनॉयझर अंदाज करतो, आणि अंदाज बारीक गोष्टींत चुकतो. जाळीचं नक्षीकाम, लाकडाचा दाणा, पडद्याचं विणकाम, लांबची पानं मेणासारखी गुळगुळीत होतात. एका स्थिर चित्रात हे खपून जातं. वॉकथ्रूमध्ये, म्हणजे इमारतीतून फिरवणाऱ्या व्हिडिओत, मात्र प्रत्येक फ्रेमचा अंदाज थोडा वेगळा येतो आणि भिंतीचा कोपरा उकळल्यासारखा हलताना दिसतो. मग किरण वाढवा, म्हणजे वेळ वाढवा. दोन मिनिटांचा वॉकथ्रू, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 3000 फ्रेम. फ्रेमला 10 मिनिटं लागली तर 500 तास, एका मशीनवर जवळजवळ 21 दिवस. तीच फ्रेम 30 सेकंदांत झाली तर 25 तास. फरक खराच अफाट आहे. मात्र या 25 तासांत एकदा वीज गेली किंवा कार्डाची मेमरी भरली आणि रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये लावलेला असला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जाणता माणूस सुट्या फ्रेमच काढतो, मग जिथे थांबलं तिथून पुढे जाता येतं. मेमरीचंही तसंच: 4के मापाचं (बाजूला सुमारे 4000 पिक्सेल) एक टेक्स्चर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र, न दाबता ठेवलं तर सुमारे 64 एमबी खातं, 8केचं 256. कॅमेऱ्यापासून चाळीस फुटांवरच्या कुंडीला 8के टेक्स्चर लावून 24 जीबीचं कार्ड गुदमरवणं ही घाईतली नेहमीची चूक, आणि ती सापडते मध्यरात्री.

म्हणजे मशीनचा वेळ खरोखर वाचला. तो वेळ गेला बदलांच्या फेऱ्यांत. पूर्वी चार व्ह्यू आणि दोन फेऱ्यांत संपणारं काम आता पंधरा व्ह्यू, एक वॉकथ्रू, 360 अंशांची टूर आणि फेऱ्यांना गणतीच नाही, इथे आलं आहे. शिवाय लाँच गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी यांनाच हवं, म्हणून सगळ्यांच्या डेडलाइन त्याच आठवड्यात येऊन पडतात. ज्या सणाला पोरं घरी असायला हवीत त्याच्या आदल्या रात्री ती दुसऱ्याच्या घराचे पडदे रंगवत असतात.

गरज नसलेल्या कामाचा एक नमुना होर्डिंगचा. ‘चाळीस फुटी होर्डिंग आहे, 8केच लागेल’ असा आग्रह हमखास असतो. 4केऐवजी 8के म्हणजे चौपट पिक्सेल आणि साधारण चौपट वेळ. आता हिशोब बघा. चाळीस फूट म्हणजे 480 इंच. 4केचं, म्हणजे 3840 पिक्सेल रुंदीचं, चित्र त्यावर ताणलं तर इंचाला आठ पिक्सेल पडतात. शंभर फुटांवरून निरोगी डोळ्याला साधारण एक तृतीयांश इंचाहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही, म्हणजे इंचाला तीन पिक्सेलही पुरतात. याउलट हातात धरायच्या ए3 ब्रोशरला 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 पिक्सेलने, 4961 पिक्सेल लागतात. होर्डिंगला ब्रोशरपेक्षा लहान चित्र चालतं, हे बैठकीत सांगायला दोन मिनिटं लागतात. पण सांगणारा कनिष्ठ असतो आणि ऐकणारा चेक देणारा, म्हणून सांगितलं जात नाही.

परदेशी कामाचं कारणही नेहमी पुढे केलं जातं. ‘क्लायंट अमेरिकेतला आहे, रात्र करावीच लागते.’ घड्याळ मांडून पाहू. हिवाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार असतात, आणि तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. तो झोपलेला असताना आपला अख्खा दिवस मोकळा आहे. लंडनची संध्याकाळची यादी हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेअकराला येते आणि तिथले नऊ वाजतात तेव्हा आपले दुपारचे अडीच झालेले असतात. सकाळी सातची एक पाळी ठेवली तर साडेसात तास मिळतात. सिडनीची यादी तर आपल्या दुपारीच येऊन पोचते. वेळेतला फरक उलट आपल्या फायद्याचा आहे. रात्र लागते ती क्लायंटला समोर बसून बदल बघायचे असतात म्हणून, आणि त्याला ‘यादी पाठवा, उद्या सकाळी मिळेल’ म्हणण्याची स्टुडिओची छाती होत नाही म्हणून.

इथपर्यंत हा मालक आणि नोकर यांच्यातला प्रश्न वाटेल. तसा तो नाही, कारण हीच चित्रं बघून लोक वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतात.

दहा बाय अकराची बेडरूम घ्या. भिंत कापून कॅमेरा खोलीच्या बाहेर चार फूट मागे नेला, 18 मिलिमीटरची लेन्स लावली की आडवा 90 अंशांचा पसारा दिसतो. 50 मिलिमीटरला तो जेमतेम 40 अंश असतो. समोरची भिंत लांब जाते, खोली हॉलसारखी भासते. तरीही पलंग मोठा वाटला तर तो 85 टक्के करतात. पाच बाय साडेसहाचा पलंग सव्वाचार बाय साडेपाचचा होतो आणि कपाटासमोर एक फूट जागा पैदा होते. ज्याने हे घर घेतलं त्याच्या गुडघ्याला तो एक फूट रोज आठवेल.

सूर्याचंही तेच. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. डिसेंबरात उत्तरेकडच्या दर्शनी भागावर थेट ऊन पडतच नाही. जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावरून उत्तरेला जेमतेम पाच अंश कलतो, भिंतीला फक्त चाटून जातो, आणि उन्हाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळीही तिथे ऊन तिरपंच पडतं. तरी उत्तरमुखी इमारतीच्या अंगभर समोरून सोनेरी ऊन आलेलं चित्र होर्डिंगवर असतं. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये शहर, तारीख, वेळ टाकून खरा सूर्य मिळवायची सोय आहे, आणि घाईत नेमकी तीच बंद करून सूर्य हाताने ओढला जातो. झाडं पंधरा वर्षं वाढलेली दाखवायची, लावायची मात्र पुरुषभर उंचीची रोपं. आणि चित्रातली झाडंही बऱ्याचदा युरोपातल्या तयार लायब्ररीतली. म्हणून हिंजवडीच्या चित्रात बर्च उगवतो, जिथे खरं तर बहावा किंवा कडुनिंब हवा. शेजारचा प्लॉट, जिथे उद्या तेवढीच उंच इमारत येणार आहे, तो चित्रात कायम हिरवळ असतो.

यात आता एआयची भर पडली आहे. कच्चा रेंडर टाका, ‘जास्त खरा करा’ म्हणा, दहा सेकंदांत चकचकीत चित्र येतं. पण त्याला आराखडा कळत नाही. खिडकीची तीन तावदानं चार करील, कॉलम गिळून टाकील, रेलिंगच्या गजांची संख्या बदलील, आणि हे सगळं इतक्या सफाईने की पहाटे दोनला थकलेल्या डोळ्यांना सापडायचं नाही. माणसांचे चेहरे, कपडे, गवत एवढ्यापुरतं, मास्क लावून, कमी तीव्रतेवर ते वापरलं तर उपयोगी आहे. अख्ख्या इमारतीवर फिरवलं तर तयार झालेलं चित्र कुणाच्याच नकाशातलं नसतं.

‘जाहिरात म्हणजे स्वप्नच असतं, लोकांना कळतं ते’ असं यावर ऐकवलं जातं. लोकांना कळत नाही, आणि कळायची सोयही नाही. लेन्स किती मिलिमीटरची हे चित्र बघून नेमकं कोण सांगणार? कायद्यानेही हे गृहीत धरलेलं नाही. 2016 च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या 12 व्या कलमानुसार, जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्याचं नुकसान झालं तर ते विकासकाने भरून द्यायचं, आणि त्याला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत करायचे. 14 व्या कलमानुसार मंजूर नकाशा ग्राहकाच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. या कायद्याखालच्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातींवर क्यूआर कोड बंधनकारक केला, तो चांगलाच आहे. पण कोडमागे नकाशा असतो आणि कोडशेजारी असतं ते चित्र, आणि या दोघांचं नातं सांगणारी एकही ओळ जाहिरातीत नसते. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘कलात्मक चित्र’ लिहिलं की झालं.

हे सुधारता येतं. लंडनमध्ये महत्त्वाच्या दृश्यांवर परिणाम करणाऱ्या इमारतींसाठी मोजणी करून पडताळलेली चित्रं मागतात. जागेवरून फोटो, सर्व्हेअरने मोजलेले बिंदू, त्यांच्याशी जुळवलेला कॅमेरा, आणि वर पातळी लिहिलेली: फक्त जागा आणि आकार दाखवलाय, की स्वरूपही, की साहित्यसुद्धा. तिथे हे नियोजनाच्या मंजुरीसाठी असतं, विक्रीसाठी नाही, हा फरक मान्य. तरी पद्धत उचलण्यासारखी आहे.

स्टुडिओतली रात्र आणि ग्राहकाची फसगत, दोन्हींचं मूळ एकच आहे: चित्र सुरू होतं तेव्हा आराखडा ठरलेला नसतो. म्हणून मागणीही एकच असायला हवी. आधी नकाशा गोठवा, मग चित्र काढा. मंजूर नकाशाचा सुधारणा क्रमांक हातात आल्याशिवाय फायनल रेंडर सुरूच करायचा नाही. आधी करड्या रंगातला क्ले रेंडर, त्यात फक्त कॅमेरा आणि आकारमान; त्यावर लेखी होकार. मग साहित्य आणि प्रकाशाचा कमी मापाचा ड्राफ्ट. त्यावर लेखी होकार. मग फायनल. प्रत्येक टप्प्याला दोन फेऱ्या दरात धरलेल्या, तिसरीपासून तासाचे वेगळे पैसे, आणि दुपारी चारनंतर आलेली यादी दुसऱ्या दिवशीची. कोटेशनमध्ये या चार ओळी घातल्या की निम्मे ‘छोटे बदल’ क्लायंट स्वतःच रद्द करतो, कारण ते त्याला खरोखर हवेच नसतात, फुकट होते म्हणून मागितलेले असतात.

‘असं केलं तर क्लायंट शेजारच्या स्टुडिओत जाईल.’ ही भीती खोटी नाही. व्ह्यूमागे दर पाडून घेणारा कुणीतरी कायम असतो, आणि आर्किटेक्टला 1972 च्या कायद्याने कौन्सिल तरी आहे, व्हिज्युअलायझरला तेही नाही. म्हणूनच हे एकट्यादुकट्या स्टुडिओच्या हिमतीवर सोडून चालणार नाही, नियमात यायला हवं. महारेराने जाहिरातीतल्या प्रत्येक चित्राखाली त्याचा आधार लिहायला लावला, तर नकाशा ठरायच्या आधी चित्र मागायची सोयच राहणार नाही, आणि तो नियम शेजारच्या स्टुडिओलाही तितकाच लागू असेल.

कामाच्या तासांचा कायदाही इथे उलट दिशेला निघाला आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, त्यापुढे दुप्पट वेतन आणि तिमाहीत जास्तीत जास्त 125 तास ओव्हरटाइम अशी चौकट होती, आणि ती दहा माणसांच्या आस्थापनेपासून लागू होती. त्या कायद्याच्या व्याख्येत तांत्रिक काम करणाराही कामगारच आहे, ‘आर्टिस्ट’ म्हटल्याने तो बाहेर पडत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 9 चे 10 तास, 125 चे 144 तास आणि दहाऐवजी वीस माणसांचा उंबरठा करायला मंजुरी दिली. व्हिज्युअलायझेशनचे बहुतेक स्टुडिओ लहान असतात. दहा ते एकोणीस माणसांच्या स्टुडिओतल्या मुलांची जी थोडी ढाल होती तीच या बदलाने निघते, आणि तीही अशा वेळी जेव्हा मशीनच्या मंदपणाची ढाल आधीच गेलेली आहे. हा निर्णय या धंद्यापुरता तरी चुकीचा आहे.

चित्राखालची ओळ कशी असावी, तर अशी: ‘सातवा मजला, बेडरूम 2. कॅमेरा खोलीच्या आत, उंची 1.55 मीटर, लेन्स 28 मिमी. सूर्य: पुणे, 21 डिसेंबर, दुपारी 4. फर्निचर खऱ्या मापात. झाडं लावल्यानंतर पाच वर्षांची. मंजूर नकाशा, सुधारणा क्रमांक 3.’ यातली कॅमेऱ्याची, सूर्याची आणि मापांची माहिती सीनच्या फाइलमध्ये आधीच असते, नकाशाचा क्रमांक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात. ती ओळ टाइप करायला दोन मिनिटं लागतात.